पेन्सिलीनं लिहिलेलं

घाटंजीच्या बाजारओळीत किसनराव मिस्त्रीचं दुकान होतं. बाप आणि आजा वखर, तिफणी, दाराच्या चौकटी करत आले. किसनरावाचा डावा गुडघा पस्तिशीतच धरला, तेव्हा त्यानं जड लाकडाचा नाद सोडला आणि फोटोंच्या फ्रेमा करायला घेतल्या. सुरुवातीला काम बेताचंच होतं. लग्नाचे फोटो, देवादिकांच्या तसबिरी, कुणाच्या मेलेल्या बापाचं एखादं चित्र.

छप्पन सालानंतर मात्र हात रिकामा राहीना. दीक्षा घेतलेल्या घरांनी भिंतीवरची जुनी चित्रं उतरवली होती आणि त्या खिळ्यांवर आता बुद्धाचं चित्र लागत होतं. गावातली म्हातारी माणसं त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं ओळखत. किसनरावही ओळखायचा. पण गिऱ्हाइकाशी तो कधी वेडंवाकडं बोलला नाही. दुकानाच्या ओट्यावर माप घ्यायचा, ओट्यावरूनच फ्रेम द्यायचा. त्या वस्तीत फ्रेम पोचवायला गेला तरी बाहेरून हाक मारायचा. आपण भले आहोत असंच त्याला वाटत होतं.

एकोणसाठच्या एप्रिलात जयंतीच्या आधी त्याच्याकडे बावीस फ्रेमा आल्या. सगळ्या बुद्धाच्या, सगळ्या एकाच मापाच्या, सगळ्या तेरा तारखेच्या आत हव्या. त्याच धांदलीत एका दुपारी प्रभावती आली.

प्रभावती सरकारी दवाखान्यातली नर्स. मूळची बोरी अरबची, वय तिशीच्या आसपास, घरचे सगळे दीक्षा घेतलेले. घाटंजीत आणि आसपासच्या खेड्यांत चार वर्षांत जन्मलेली निम्मी पोरं तिच्याच हातांवर आली होती. तिच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. तिनं ती किसनरावाच्या फळीवर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर त्याचीच हत्यारं वजन म्हणून ठेवली.

किसनराव बघतच राहिला. काळ्या आणि विटकरी शाईत एक उंच बाई उभी होती, अंगात डॉक्टरचा कोट. मान होती, पण वर डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी काटक्यांचं घरटं होतं आणि घरट्यात अंड्याएवढा एकच उघडा डोळा. कोटाच्या बाह्यांतून हात बाहेर यायच्या जागी दोन पाखरं आली होती. एकाची चोच सुईसारखी लांब. दुसरं पंख पसरून कशावर तरी ऊब धरल्यासारखं वाकलेलं. पायांपाशी पाणी होतं आणि पाण्यावर एक रिकामी खुर्ची.

"हे काय होये, बाई?"

"सपनात नाही का दिसत, त्यातली गोष्ट." प्रभावती हसली. "तिकडं परदेशात असे चित्रकार आहेत. दगडावर काढतात अन् मंग छापतात. आहे तसं बसवून द्या, मिस्त्री. मले घाई नाही."

"देतो नं."

ती गेली. किसनरावानं गुंडाळी करून कोनाड्यात ठेवली.

जयंतीच्या आदल्या दोन दिवसांत तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान वर न करता काम करत होता. बावीसमधल्या काही चित्रांचा कागद पातळ होता, काचेशी घट्ट बसत नव्हता. त्यांच्या मागं घालायला जाड कागद हवा होता. तेव्हा त्याला कोनाड्यातलं चित्र आठवलं. चित्राभोवती चांगली चार-चार बोटं कोरी जागा होती, आणि कागद असा जाड नि मऊ, की हात लावला तर कापडासारखा वाटावा. शिवाय एका गिऱ्हाइकानं नाकारलेली तयार फ्रेम पडून होती. चारी बाजू कापल्या तर चित्र तिच्यात नेमकं बसत होतं.

खालच्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. डावीकडे आकडे, मधे बारीक अक्षरांची ओळ, उजवीकडे एक वेलांटी-वेलांटीची ओढ. त्याला इंग्रजी येत नव्हतं. सुताराच्या घरात पेन्सिलीचं म्हणजे मापाचं, काम झालं की पुसायचं. तरी पट्टी ठेवताना त्याचा हात थांबला. दवाखाना दुकानापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होता. विचारून यावं, असं मनात आलं.

मग त्यानं मनाशी म्हटलं, कोण जाते एवढ्यासाठी. आणि सुरी ओढली.

कापलेल्या पट्ट्यांचे त्यानं तुकडे केले, घड्या घातल्या आणि बुद्धाच्या फ्रेमांत मागच्या फळीखाली सारून दिले.

जयंती झाल्यावर प्रभावती फ्रेम न्यायला आली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे केली, आणि तिचा चेहरा खुलला. मग नजर खाली सरकली.

"मिस्त्री, खालचं लिवलेलं?"

किसनरावाच्या हातात तेव्हा हातोडी होती. त्यानं ती उगाच एका खिळ्यावर टेकवली.

"पट्टीखाली दबलं, बाई. आत आहे."

"आत आहे नं?"

"आहे. फ्रेमीची पट्टी वर येते नं, मंग तेवढं झाकल्या जाते."

"मंग काही नाही." तिनं श्वास सोडला. ती ओट्यावर टेकली आणि पहिल्यांदाच त्याच्याशी दवाखान्याबाहेरचं काही बोलली. वर्ध्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात ती शिकायला होती, तिथं एल्झाबाई नावाची डॉक्टर होती. लढाईच्या आधी आपला देश सोडून इकडं आली, ती इथलीच झाली. तिनंच प्रभावतीला नर्स केलं. पुढं एल्झाबाईच्या हातांची बोटं आखडली, चमचासुद्धा धरवेना. शेवटचे आठ महिने प्रभावती रजा काढून तिच्याजवळ राहिली. खाऊ घातलं, वेणी घातली, तिची पत्रं लिहिली. एल्झाबाई गेली तेव्हा तिच्या भावानं, जो पॅरिसला चित्रं काढायचा, हे चित्र पाठवलं.

"अशी चाळीस छापली म्हणे त्यानं. पण माह्या चित्राखाली त्यानं आपल्या हातानं लिवलं आहे." प्रभावतीनं काचेवर, खालच्या कडेवर बोट ठेवलं. "'प्रभावतीला, जी माझ्या बहिणीचे हात झाली.' अन् मंग त्याची सही. मिस्त्री, माहं नाव हजेरीच्या वहीत आहे, पगाराच्या कागदात आहे. पण असं कोणी कधी लिवलं नव्हतं."

बोलायची वेळ हीच होती, हे किसनरावाला कळत होतं. तो हातोडीनं तोच खिळा ठोकत राहिला. प्रभावती उठली, फ्रेम पदरात गुंडाळली आणि गेली.

रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. शकुबाईनं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "एवढं काय मनाले लावून घेता? तिले थोडंच दिसून राह्यलं! अन् कोणाचं होतं ते? तिचंच नं?"

'तिचंच नं' हे शब्द किसनरावाला ओळखीचे वाटले. सुरी ओढताना त्याच्या मनातही तेच होतं, फक्त त्यानं ते उच्चारलं नव्हतं.

पुढं सतरा महिने हे असंच चाललं. बाजाराच्या दिवशी प्रभावती दुकानावरून जायची आणि हटकून थांबायची. "मिस्त्री, पाखरं मजेत आहेत बरं का." त्यावर तो मान हलवायचा. कधी कधी ती लांबून येताना दिसली की तो दुकानाच्या मागं जाऊन लाकडं चाळत बसायचा. एकदा त्यानं तिच्यासाठी सागाचं छोटं स्टूल केलं आणि 'असंच केलं' म्हणून देऊ केलं. तिनं घेतलं नाही. "काहून बापा? माह्याकडं आहे," म्हणाली. तुकडे शोधायला जावं असं त्याला कितीदा वाटलं, पण गेलं तर सांगावं लागेल, या भीतीनं तो गेला नाही.

साठ सालच्या दसऱ्याच्या सुमारास, एका गुरुवारी, ती स्वतःहून दुकानात आली.

"माही बदली झाली, मिस्त्री. ढाणकीले. मंगळवारी निघतो."

त्याला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी मोकळंही वाटलं. त्या मोकळेपणाची त्याला लाज वाटेपर्यंत ती पुढं बोलली.

"जायच्या आधी एक डाव ते लिवलेलं पाहू द्या. सोमवारी दुपारी फ्रेम घेऊन येतो. पट्टी काढून दाखवा, अन् मंग परत ठोकून द्या. लय दिवस झाले पाहून."

"या," किसनराव म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्यानं सायकल काढली. पिशवीत पक्कड, हातोडी, चुका म्हणजे बारीक खिळे, आणि खळीची डबी घेतली. पहिलं घर धर्मपालचं होतं. हा कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचा. किसनरावानं बाहेरूनच हाक मारली आणि वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, "त्या वर्षीच्या फळ्यांले वाळवी लागून राह्यली. फ्रेमा तपासून पाहतो."

"मंग आत या नं. फ्रेम का बाहीर आणू?"

तो आत गेला. शेणानं सारवलेली स्वच्छ ओसरी, भिंतीवर त्याचीच फ्रेम, तिच्याखाली पाटावर फुलं. धर्मपालनं आधी हात जोडले, मग फ्रेम उतरवून दिली. किसनरावानं चुका उपटल्या, फळी काढली. घडी निघाली ती कोरीच होती. तोवर धर्मपालची आई कांताबाई पाण्याचा गडू घेऊन आली होती. ती गडू त्याच्या हातात देईना, खालीही ठेवीना. तो काय करतो हे बघत ती नुसती उभी राहिली.

त्यानं हात पुढं करून गडू घेतला आणि पाणी प्यायला. पाणी गार होतं. कांताबाईचे खांदे सैल झाले.

"असा कारागीर नाही पाहिला," धर्मपाल म्हणाला. "दीड वर्षानं सोताहून येऊन राह्यला."

हे वाक्य त्या दिवशी त्यानं सात घरांत ऐकलं. प्रत्येक घरात पाणी, काही ठिकाणी चहा, एका ठिकाणी ताजी भाकर आणि ठेचा. प्रत्येक घरात त्याचं कौतुक. पहिल्या दिवशी त्याला एकही लिहिलेला तुकडा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी शिवणी गावातल्या एका घरात फळी काढली आणि घडीवर पेन्सिलीची ती वेलांट्यांची ओढ दिसली. सही. त्यानं ती इतका वेळ निरखली की घरच्या बाईनं विचारलं, "वाळवी आहे का जी?"

रविवारी तो पारवा गावात उकंडाच्या घरी पोचला. उकंडा साठीचा, बोलायला कमी, नजर धारदार. त्यानं फ्रेम उतरवून दिली आणि समोर उकिडवा बसला. फळी निघाली. घडीवर आकडे होते आणि आकड्यांच्या पुढं मधल्या ओळीची सुरुवात. किसनरावाला वाचता येत नव्हतं, तरी तिथं कोणाचं नाव आहे हे त्याला कळलं. त्यानं घडी चटकन मुठीत घेतली.

"मिस्त्री," उकंडा म्हणाला, "वाळवी असती तं फळी पाहिली असती. तुमी फळीकडं पाहिलंच नाही. काय शोधून राह्यले?"

किसनरावानं फ्रेम मांडीवरून खाली ठेवली. आणि ज्या माणसाशी आजवर मापापलीकडे बोलला नव्हता, त्याला त्यानं सगळं सांगितलं. दहा मिनिटांची वाट, सुरी, मग ओट्यावर बोललेलं खोटं, आणि सतरा महिने.

उकंडानं हात पुढं केला. किसनरावानं मूठ उघडली. उकंडानं तो तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे तिचं नाव?"

"हो."

"माह्या सुनेले तीन दिवस कळा येऊन राह्यल्या होत्या. नर्सबाई पावसात पायी आली होती." त्यानं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "म्हणजे आमी रोज बुद्धापुढं हात जोडत होतो, अन् मागं हे होतं. त्याचं मले काही वाईट नाही वाटत. पण तुमी तिले विचारलं पाह्यजे होतं."

"हो," किसनराव म्हणाला.

"मधला तुकडा?"

मधला तुकडा राहिला होता. बावीसमधल्या एकवीस फ्रेमा उघडून झाल्या होत्या. बाविसावी देवरावाची होती, आणि देवराव वर्षापूर्वीच बायकापोरांसह चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेला होता. घरातलं फारसं काही नेलं नाही म्हणे, फ्रेम तेवढी फडक्यात बांधून नेली.

सोमवारी दुपारी प्रभावती आली. फ्रेम फळीवर ठेवून ती ओट्यावर टेकली. किसनरावानं पक्कड उचलली नाही. फडक्यातले दोन तुकडे काढून तिच्यासमोर ठेवले. घड्यांच्या रेषा पडलेल्या, एका कोपऱ्याला खळीचा डाग.

प्रभावतीनं आधी तुकड्यांकडे पाहिलं, मग फ्रेमकडे, मग त्याच्याकडे.

"आत नव्हतं?"

"नव्हतं, बाई. मी कापलं होतं. तुमाले खोटं सांगतलं."

तो सांगत गेला तसा तिचा चेहरा दगडासारखा होत गेला. मधला तुकडा चांद्याला गेला हे सांगून तो थांबला.

"एक सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मालगुजाराच्या घरचं चित्र असतं, अन् त्याच्याखाली असंच काही लिवलेलं असतं. तं विचारलं असतं?"

हो म्हणणं अवघड होतं. नाही म्हणणं सोपं होतं, तेवढ्यानं गोष्ट नुसत्या निष्काळजीपणावर निभावली असती. किसनरावाला दोन्ही वाटा स्पष्ट दिसत होत्या.

"विचारलं असतं," तो म्हणाला. "धावत गेलो असतो."

प्रभावतीनं मान हलवली, जणू हिशेब लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

"मी चिकटवून देतो, नवी फ्रेम—"

"हात नका लावू." तिनं तुकडे उचलून आपल्या पाकिटात ठेवले. फ्रेम उचलली. पायरीवर जाऊन ती थांबली आणि परत वळली. "एक काम करा. त्यांले पत्र लिवा. एल्झाबाईच्या भावाले. तुमी तुमच्या हातानं मराठीत लिवा, मी इंग्रजी करून पाठवतो. मी काहून लिवू? कापलं तुमी."

संध्याकाळपर्यंत त्यानं चार कागद फाडले. चौथी शिकलेला माणूस. 'चूक झाली' लिहिलं, ते त्याला पुरेसं वाटेना. शेवटी जे लिहिलं ते सात ओळींचं होतं. तिसऱ्या ओळीत होतं, 'बाई कोणत्या समाजाच्या हे मला माहीत होते, म्हणून मी विचारायला गेलो नाही.' ते पत्र त्यानं स्वतः दवाखान्यात नेऊन दिलं. तिनं त्याच्यासमोरच वाचलं, तिसऱ्या ओळीवर थांबली, आणि घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती ढाणकीला गेली.

एकसष्ट साल निम्मं सरलं तेव्हा तिचं कार्ड आलं. पॅरिसहून उत्तर आलं होतं, पण ते घरमालकिणीचं होतं. पत्र पोचायच्या आधीच, हिवाळ्यात, चित्रकार वारला होता. पत्र न उघडता परत आलं होतं. कार्डावर खाली एकच ओळ जास्त होती, 'हत्यारं घेऊन या.'

यवतमाळ, पुसद, उमरखेड अशा एसट्या बदलत किसनराव ढाणकीला पोचला. पट्ट्या, काच आणि फळी त्यानं पोत्यात बांधून आणली होती. प्रभावतीची खोली दवाखान्याच्या मागं होती. जुनी फ्रेम तिनं आधीच उघडून ठेवली होती. फ्रेमीत नसल्यामुळं चित्र उघडं, लहान वाटत होतं. चारी बाजू कापलेल्या, पाखरांच्या पंखांना कड अगदी टेकलेली.

"मोठी फ्रेम करा," ती म्हणाली. "चित्र वर. खाली हे दोन तुकडे."

"जवळजवळ ठेवू?"

"नाही. मधली जागा सोडा. जेवढी होती तेवढी."

त्यानं माप घेतलं, तिला दाखवलं. तुकडे ठेवले, तिला दाखवले. तिनं एक तुकडा बोटानं थोडा सरकवला. काच बसवायच्या आधी त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिनं मान हलवल्यावरच बसवली. काम व्हायला दुपार गेली. चित्र भिंतीवर चढलं तेव्हा त्या उंच बाईखाली डावीकडे नाव होतं, उजवीकडे सही, आणि मधे कोरा कागद.

प्रभावतीनं चहा केला. दोघं दारात बसून प्यायले. किसनरावानं कप खाली ठेवला आणि वाटेत चार एसट्यांमध्ये जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच विचारलं.

"नर्सबाई, तुमी मले माफ केलं का?"

ती उठली. आत जाऊन कप विसळून आली, पदराला हात पुसले.

"कधी कधी करतो, मिस्त्री," ती म्हणाली. "रोज नाही होत."

त्यानं हत्यारं गोळा केली. उमरखेडची शेवटची गाडी सुटायला अर्धा तास होता, आणि स्टँड लांब असल्यामुळं ती त्याला कोपऱ्यापर्यंत वाट दाखवायला आली.